पगाराची तारीख सरकू लागली की

नोकरी सोडायची वेळ झाली का, हे मनाला विचारू नये, कागदाला विचारावं. मन भिडस्त असतं. ते मालकाची अडचण समजून घेतं, आजवरची ओळख आठवतं, आणि आणखी एक महिना थांबू म्हणतं.

उज्जैनमध्ये नानाखेड्याजवळ, इंदूर रोडवरच्या एका खासगी फर्ममध्ये मी हिशेब सांभाळत होते. तिथली माणसं वाईट नव्हती. दिवाळीला घरी मिठाई यायची, कुणी आजारी पडलं तर शेठजी स्वतः विचारपूस करायचे. म्हणूनच सात तारखेचा पगार पहिल्यांदा बाराला आला तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग तो वीसला येऊ लागला. पुढे अर्धा बँकेत आणि अर्धा पाकिटातून रोख, तोही विचारल्यावर. प्रत्येक वेळचं कारण पटण्यासारखं असायचं: पार्टीचं पेमेंट अडकलंय, बिल पास व्हायचंय.

माझा निर्णय झाला तो पीएफच्या पासबुकावरून. उमंग ॲपवर ते ज्याचं त्याला मोबाईलमध्ये पाहता येतं. माझ्या सॅलरी स्लिपवर 12 टक्क्यांची कपात महिन्याच्या महिन्याला दिसत होती, पासबुकात मात्र काही महिन्यांच्या नोंदीच नव्हत्या. कापलेली रक्कम मालकाने स्वतःच्या हिश्श्यासह पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. पगाराला उशीर होणं वेगळं आणि हे वेगळं. पगार लांबवणारा माणूस खरोखर पेचात असू शकतो. पण माझ्या पगारातून कापलेले पैसे जो भरत नाही, तो माझ्या म्हातारपणाच्या पुंजीवर धंदा चालवतो. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, मार्च के बाद सब एक साथ भर देंगे.’ पाठोपाठ मागच्या तारखांची बिलं बनवायला सांगण्यात आलं. मी नाही म्हटलं आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. खोट्या कागदावर सही मागितली, तर मग महिनाअखेरीचीही वाट पाहू नये.

आईला हे पटलं नाही. लागलेली नोकरी सोडू नये, हे तिचं ठाम मत, आणि त्यामागे तिनं पाहिलेला काळ आहे. उज्जैनच्या मिल बंद पडल्या, विनोद मिलच्या कामगारांना थकबाकीसाठी वर्षानुवर्षं कोर्टाकडे डोळे लावून बसावं लागलं. इंदूरची हुकुमचंद मिल 1991 साली बंद झाली आणि तिच्या कामगारांच्या देण्याचे 224 कोटी रुपये सुटले ते डिसेंबर 2023 मध्ये. तोवर कितीतरी कामगार हे जग सोडून गेले होते. या माणसांकडे दुसरी वाट नव्हती. घरंच्या घरं एका भोंग्यावर चालत होती. आपल्याकडे वाट असेल तर ती पाय निघत असतानाच धरायला हवी.

अर्थात साहेब रागावले, सणाच्या दिवशी कामावर बोलावलं, एवढ्यावरून राजीनामा देऊ नये. आणि सोडण्याआधी ग्रॅच्युइटीचा हिशेब जरूर करावा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की तो हक्क मिळतो: शेवटच्या मूळ पगार-महागाईभत्त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, आणि मग सेवेच्या वर्षांनी. 20 हजारांवर सहा वर्षं झाली तर सुमारे 69 हजार होतात. पाच वर्षांना दोन-तीन महिने कमी असतील आणि पगार वेळेवर येत असेल, तर मी थांबायलाच सांगेन. पगारच थकत असेल तर त्या आशेवर बसू नये.

राजीनामा तोंडी देऊ नका. ईमेलने द्या, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिहा. त्याआधी सॅलरी स्लिप, नेमणूकपत्र, फॉर्म 16, पासबुकाची प्रत घरी आणून ठेवा. ऑफिसचा पासवर्ड बंद झाला की यातलं काही हाती लागत नाही. पीएफ काढून न घेता नव्या खात्यात ट्रान्सफर करा, कारण पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ती अशीच जुळते. जुना मालक नोकरी सोडल्याची तारीख टाकत नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला ऑनलाइन टाकता येते. न भरलेल्या पीएफची तक्रारही ऑनलाइन होते, नोकरीत असतानाही.

मी तक्रार केली आणि माझ्या नोंदी पुढे भरल्या गेल्या. मला मात्र बरेच दिवस कमी पगारावर इंदूरला अप-डाऊन करावं लागलं. घरखर्चाची ओढाताण झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांचे शेवटचे पगार मात्र बुडाले.

महाकाल मंदिराचा महाकाल लोक परिसर झाल्यापासून इंदूर रोडवर हॉटेलं वाढली आहेत, आणि 2028 च्या सिंहस्थासाठी भरती होत राहील. त्यात लागणाऱ्या मुलामुलींनी पहिल्याच महिन्यात नेमणूकपत्र आणि पीएफचा यूएएन क्रमांक मागून घ्यावा. ‘बाद में देखेंगे’ असं उत्तर आलं, तर दुसरी जागा त्याच दिवसापासून शोधायला लागा.