पायथन बदलताना

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या मेडशीत एका कृषी सेवा केंद्राची बिलं पायथन २ वर निघायची. पायथन ३ डिसेंबर २००८ पासून हजर होतं, पण चालतंय ना, मग कशाला हात लावा! १ जानेवारी २०२० ला जुन्याचा आधार संपला आणि काम माझ्याकडे आलं. तेव्हाचे हे बोल.

१. आधी पॅकेजेस, मग पायथन. पिप फ्रीजने यादी काढा, आवृत्तीच्या नेमक्या आकड्यांसकट. जँगो १.११ आणि नमपाय १.१६ या पायथन २ वर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्त्या, त्या ३.७ वरही चालतात. तिथवर जुन्यातच या, मग उडी मारा. दोन्ही एका रात्रीत बदललं, तर बिघाड कुणाचा हे कळत नाही.

२. मराठी मजकूर सगळ्यांत आधी तपासा. पायथन २ साध्या अवतरणातल्या ‘मेडशी’ची लांबी १५ सांगायचं, कारण ते यूटीएफ-८ चे बाइट मोजायचं, देवनागरीच्या दर चिन्हाला ३. पायथन ३ सांगतं ५: म, मात्रा, ड, श, वेलांटी. बिलात गावाचं नाव २० वर कापलं जायचं. ‘मालेगाव’चे बाइट २१, म्हणजे तालुक्याचाच शेवटचा ‘व’ तुटून तिथे चौकोन! नव्यात नाव पुरं आलं. रकाने मात्र अजून वाकडेच येतात, कारण मात्रा-वेलांट्याही मोजल्या जातात. त्याला पायथन काय करणार?

३. भागाकार बघा. ५० बाटल्या, खोक्यात १२. जुनं म्हणायचं ४ खोकी, नवं म्हणतं ४.१६६६… कुठेही एरर येत नाही, म्हणून हे जास्त घातक. पूर्ण आकडा हवा तिथे दोन तिरप्या रेषा द्या.

४. नेटच्या भरवशावर राहू नका. पिप डाउनलोडने व्हील फाइली पेनड्राइव्हवर घ्या, दुकानातल्या संगणकावर जे पायथन नि जी विंडोज आहे त्यासाठीच्याच.

५. जूनमध्ये अजिबात नाही. सोयाबीनच्या पेरणीला काउंटरवर रांग असते. मे महिना बरा. जुनं एन्व्हायर्नमेंट हंगाम सरेपर्यंत पुसू नका.

आता दर ऑक्टोबरला पायथनची नवी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं आधार मिळतो. तुमच्या दुकानात कोणती चालू आहे, तेवढं आज बघून ठेवा.