कमासचा कंद

इ. स. १८०५ च्या सप्टेंबर महिन्यातील ही हकीकत. लुईस व क्लार्क या दोन अधिकाऱ्यांची तुकडी अमेरिकेच्या वायव्य भागातील बिटररूट पर्वत ओलांडीत होती. पॅसिफिक महासागराकडे जाणारी वाट शोधण्यासाठी अध्यक्ष जेफरसन यांनी तिला पाठविले होते. डोंगरावर बर्फ पडू लागले. शिकार मिळेना. अखेर बरोबरची शिंगरे मारून खाण्याची पाळी आली. २० सप्टेंबर रोजी क्लार्क मोजक्या सोबत्यांसह वीआईप नावाच्या माळावर उतरला. तेथे नेझ पर्स लोकांची वस्ती होती. त्यांनी या उपाशी परक्यांपुढे सुके मासे, रानफळे आणि एका कंदाची भाकरी ठेवली. तो कंद कमासचा होता. सवय नसलेले अन्न अधाशीपणाने खाल्ल्यामुळे पाहुणे आजारी पडले. परंतु त्यांची उपासमार टळली.

कमास ही शतावरीच्या कुळातील वनस्पती होय. तिची पाने गवतासारखी असून कंद लहान कांद्याएवढा असतो. वसंत ऋतूच्या अखेरीस ओलसर माळ तिच्या निळ्या फुलांनी भरून जातात. परतीच्या प्रवासात, १८०६ च्या जूनमध्ये, लुईसला असा बहरलेला माळ दुरून पाण्याच्या तळ्यासारखा दिसला.

परंतु या फुलांच्या शेजारीच एक वैरी उगवतो. त्याचा कंद जवळजवळ तसाच दिसतो. मात्र तो विषारी असतो आणि शिजवूनही त्याचे विष जात नाही. त्याची फुले पांढरट असतात. फुले गळून गेली, की दोन्ही झाडे ओळखणे अवघड होते. म्हणून नेझ पर्स स्त्रिया फार काळजीपूर्वक कंद निवडीत. ही पारख मुली आपल्या आईकडून व आजीकडून शिकत. हरणाच्या शिंगाची मूठ बसविलेल्या टोकदार दांड्याने त्या जमीन उकरीत, मोठे कंद काढून घेत आणि लहान कंद पुढील वर्षांसाठी मातीतच राहू देत.

कंद हाती आला तरी काम संपत नसे. कच्चा कमास बेचव व चिकट लागतो. त्यातील इन्युलिन नावाचा पदार्थ माणसाला पचत नाही. यासाठी खड्ड्यात तापलेले दगड घालीत, त्यांवर ओले गवत पसरून कंद रचीत, पुन्हा गवत व माती लोटीत आणि ते एक ते तीन दिवस भाजू देत. एवढ्या दीर्घ उष्णतेने इन्युलिनची साखर होते. कंद काळसर व गोड बनतो. मग तो वाळवून हिवाळ्यासाठी साठवीत.

गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र हे माळ मोकळे रान वाटले. वीआईपच्या दक्षिणेस बरेच दूर, आजच्या आयडाहो राज्यातच, 'कमासचा माळ' या नावाचा प्रदेश आहे. तेथे बॅनॉक लोक कंद काढावयास जात. १८६८ च्या तहाने त्यांना या माळावर हक्क मिळावयाचा होता. पण लिहिणाऱ्याने 'कमास' ऐवजी 'कॅन्सस' असे लिहिले! पुढे वसाहतवाल्यांची डुकरे माळावर शिरली आणि कंद उकरून खाऊ लागली. तक्रारींचा उपयोग झाला नाही. १८७८ मध्ये याच कारणावरून युद्ध पेटले व बॅनॉक लोकांचा पराभव झाला.

पुष्कळसे कमासचे माळ पुढे नांगराखाली गेले. तरीही नेझ पर्स कुटुंबे आजही कमास काढतात व आपल्या मुलांना तो ओळखावयास शिकवितात. रान सर्वांसाठी सारखेच उगवते; परंतु ते अन्न देते ते जाणणाऱ्याला आणि जपणाऱ्याला.

अभ्यास

१. पाहुणे आजारी का पडले?
२. कंद फुलांच्या आधारे ओळखणे का आवश्यक होते?
३. लहान कंद मातीतच ठेवण्यामागे कोणता विचार होता?
४. तहातील एका शब्दाच्या चुकीमुळे काय घडले, ते आपल्या शब्दांत लिहा.