पुणे-दिल्ली विमान आणि खोडद-मंगळ संदेश

भूगोलाचा नकाशासंग्रह उघडा. पुणे साधारण १८½° उत्तर अक्षांशावर आणि ७४° पूर्व रेखांशावर सापडेल. दिल्ली आहे २८½° उत्तर, ७७° पूर्व. एवढ्या चार आकड्यांवरून विमानप्रवासाचा वेळ काढता येतो.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा १० अंशांचे झाले १११० किलोमीटर. रेखांशांचे मात्र तसे नाही. ध्रुवाकडे जाताना ती एकमेकांजवळ येतात. वाटेच्या मध्यावर, २३½° अक्षांशावर, एक अंश म्हणजे १११ × कोसाइन २३½°, म्हणजे सुमारे १०२ किलोमीटर. तीन अंशांचे ३०६. आता पायथागोरसचे प्रमेय वापरा. उत्तर येते सुमारे ११५० किलोमीटर. (पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचे प्रमेय कसे चालते? एवढ्या अंतराला चूक किरकोळ राहते. पुणे-लंडनला ही युक्ती वापरू नका.)

ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर १ तास २६ मिनिटे लागतील. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून थोडे अधिक दिसतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे, उतरण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे आपल्या गणितात नव्हतेच.

रेडिओ तरंगांना असा खोळंबा नसतो. अवकाशात ते सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या मंगळाकडे वळवल्या होत्या. युरोपचे ‘स्कियापरेली’ यान तेथे उतरत होते आणि त्याचा क्षीण संदेश खोडदला ऐकू येत होता.

त्या दिवशी संदेशाला पृथ्वीवर पोचायला सुमारे पावणेदहा मिनिटे लागत होती. म्हणजे ५८५ सेकंद गुणिले ३ लाख, अर्थात साडेसतरा कोटी किलोमीटर. आपल्या विमानाला हेच अंतर काटायला २५ वर्षे लागतील!

आता नीट विचार करा. वातावरणात शिरल्यापासून जमिनीवर पोचेपर्यंत यानाला अवघी सहा मिनिटे लागायची होती. म्हणजे ‘आत शिरलो’ हा संदेश खोडदला आला तेव्हा तिकडे सारे आटोपले होते. ऐकणाऱ्यांना काहीही करता येण्यासारखे नव्हते. उतरण्याच्या नियोजित वेळेच्या थोडे आधी संदेश थांबला. यान आदळून फुटले होते. उंचीचा हिशेब चुकल्याने यानाच्या संगणकाने आपण जमिनीच्याही खाली आहोत असे धरले, हवाई छत्री लवकर सोडून दिली आणि वेग कमी करणारी रॉकेटे सुमारे तीन सेकंदांतच बंद केली, असे पुढे चौकशीत दिसून आले.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. जीएमआरटीच्या सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्याच दिशेने, क्षितिजाजवळून एखादा तरंग आला, तर एकीनंतर दुसरीवर तो किती वेळाने पोचेल? हा फरक दुरुस्त केल्याखेरीज दोघींचे संदेश जुळत नाहीत. उत्तर सेकंदाच्या १२ हजाराव्या भागाच्या आसपास आले पाहिजे.