लॅपटॉपमधील जागा कोण अडवते?

दहावी-बारावीनंतर वसतिगृह सोडून महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींच्या घरी सर्वांत मिळून एकच लॅपटॉप असतो. तोही बहुधा १२८ जीबीचा, पुष्कळदा कोणीतरी वापरलेला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांतच नेमकी त्यावर जागा संपल्याची सूचना उमटते. दुरुस्तीवाला सहज सांगतो, ‘फॉरमॅट करून टाका.’ त्याने जागा मिळते हे खरे. परंतु जातीचा दाखला, गुणपत्रिका, घरची छायाचित्रे आणि वर्षभराच्या टिपणांची प्रत अन्यत्र नसेल, तर तेही सारे जाते. म्हणून त्याआधी करण्यासारखे काय आहे, ते विंडोज प्रणालीपुरते येथे मांडत आहे.

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे इष्ट. १२८ जीबीचा लॅपटॉप उघडून पाहिल्यास ११९ जीबीच दिसतात. यात विक्रेत्याची लबाडी नसते. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मानतात, तर विंडोज त्याच नावाने १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजते. या ११९ मधूनच पुढे प्रणाली आपला वाटा घेते.

तो वाटा कोठे गेला, हे सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्याखालील स्टोरेज या पानावर दिसते. तेथील ‘टेम्पररी फाइल्स’ या यादीतील बहुतेक वस्तू निर्धास्तपणे काढता येतात. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’चेही नाव असते, आणि आपली मुले दाखले, प्रवेशपत्रे, पावत्या तेथेच ठेवून देतात. त्या चौकटीत खूण करण्यापूर्वी आत काय आहे ते डोळ्यांनी पाहावे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे ज्यांनी विंडोज ११ घेतले, त्यांच्याकडे जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये काही काळ तशीच राहते. ती कित्येक जीबी जागा व्यापते. सामान्यतः १० दिवसांनी ती आपोआप काढली जाते. घाई असल्यास ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ या नावापुढे खूण करून आधीही काढता येते. त्यानंतर मात्र मागे परतता येत नाही. कोणी फॉरमॅट न करता नव्याने विंडोज बसवून दिले असेल, तर आपले जुने कागदपत्र याच फोल्डरातील ‘युजर्स’मध्ये सापडण्याचा संभव असतो. ते आधी बाहेर काढावेत.

दुसरा मोठा वाटेकरी दृष्टीस पडत नाही. ‘हायबरफिल’ नावाची लपवलेली फाइल सी ड्राइव्हवर असते. लॅपटॉप हायबरनेट होतो, तेव्हा रॅममधील सर्व काम तीत उतरवले जाते. तिचा आकार साधारणतः रॅमच्या ४० टक्के, म्हणजे ८ जीबी रॅम असल्यास सुमारे ३.२ जीबी. ती हाताने पुसता येत नाही. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडून पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही अक्षरे सलग, मग मोकळी जागा, प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ व तिला लागून एच, पुन्हा मोकळी जागा आणि ऑफ हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबले, की ती नाहीशी होते. ऑफऐवजी ऑन लिहिल्यास परत येते. ती गेल्यावर जलद सुरू होण्याची सोयही बंद पडते. एसएसडी असल्यास हा फरक थोडाच जाणवतो. परंतु जेथे भारनियमन नित्याचे आहे आणि बॅटरी थकलेली आहे, त्या घरी मी हा उपाय सुचवणार नाही. बॅटरी संपत आली असता अर्धे भरलेले काम वाचवणारी सोय तीच.

‘पेजफाइल’ मात्र मुळीच हलवू नये. रॅम अपुरी पडते तेव्हा प्रणाली तिचाच आधार घेते, आणि कमी रॅमच्या लॅपटॉपला तर ती अत्यावश्यकच.

विंडोज फोल्डरातील ‘विन-एस-एक्स-एस’चा प्रचंड आकडा पाहून अनेकांचा हात शिवशिवतो. त्यातील बऱ्याच फाइली अन्य ठिकाणच्या फाइलींचीच दुसरी नावे असतात. त्या दोनदा मोजल्या गेल्याने आकडा फुगतो. हे फोल्डर हाताने पुसल्यास लॅपटॉप सुरूच न होण्याचा धोका असतो. त्यातील खरोखरीचा कचरा डिस्क क्लीनअपमधील ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ हे बटन दाबून, ‘विंडोज अपडेट क्लीनअप’पुढे खूण केल्यास सुरक्षितपणे निघतो. त्यास कधी अर्धा-पाऊण तास लागतो. मध्येच लॅपटॉप बंद करू नये. चार्जर लावूनच बसावे.

इतके करूनही ६४ जीबीच्या लहान यंत्रांवर मोठा अपडेट मावत नाही. अशा वेळी अपडेट स्वतःच बाहेरील साठवणीची विचारणा करतो. तेव्हा रिकामा पेनड्राइव्ह जोडून द्यावा आणि काम पुरते होईपर्यंत काढू नये. दाखल्यांच्या प्रतीसाठी पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा.