पोराला नको, गल्ल्यावाल्याला धरा

आमच्या महाड-पोलादपूरकडे दारूच्या दुकानात दिसणारं पोर बहुतेक वेळा स्वतःसाठी गेलेलं नसतं. कोणीतरी धाडलेलं असतं. हळदीचा मांडव असो, शिमगा असो की गणपतीला आलेले चाकरमानी, बसल्या जागेवरून हुकूम सुटतो, "जा रे, काकाचं नाव सांग, क्वार्टर आण." दुकानदार काकाला ओळखतो. काळी पिशवी पोराच्या हातात येते. पुढे दोन-तीन वर्षांनी तेच पोर काकाचं नाव सांगून स्वतःसाठी नेतं.

बचत गटाबरोबर फिरताना पाहिलेली गोष्ट. एका उत्साही तरुणाने बाटली घेऊन निघालेल्या आठवीतल्या मुलाचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. दुकान एक दिवसही बंद पडलं नाही. मुलाची शाळा मात्र सुटली, त्याला मामाकडे धाडलं. म्हणून पहिलं हेच सांगते, मुलाचं तोंड, नाव, शाळा कुठेही फिरवू नका. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार माध्यमांतून अशी ओळख उघड करणं हाही गुन्हाच.

त्याच कायद्याचं कलम 77 मुलाला दारू देणाऱ्यासाठी आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम 78 मुलाकडून दारूची ने-आण करवणाऱ्यासाठी. म्हणजे काकासुद्धा आला! ही दोन कलमं ग्रामसभेत मोठ्याने वाचा. दुकानदारापेक्षा काकामंडळीच जास्त दचकतात.

'अठरा झालं की चालतं' हा समज तर शिकल्यासवरल्यांचाही आहे. आपल्या राज्यात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पुरी लागतात. पुण्यात 19 मे 2024 ला कल्याणीनगरच्या अपघातात दोन जीव गेले, गाडी चालवणारा 17 वर्षांचा होता, आणि त्यानंतर त्याला दारू देणाऱ्या पबचे मालक-व्यवस्थापक अटकेत गेले. वय आधीच विचारलं असतं तर?

चिडलेल्या बायका लगेच दुकान बंद करायचं मतदान, म्हणजे 'आडवी बाटली'च म्हणतात. जरूर करा, पण हिशोब आधी मांडा. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदान लागतं. दुकान बंद व्हायला मात्र यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आपल्याकडे यादीत नाव गावचं आणि बाई नालासोपाऱ्याला. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडते.

त्यापेक्षा मुलांना विक्री होते एवढ्याच मुद्द्यावर लेखी तक्रार करा. तोंडी सांगितलेलं 'बघतो' या शब्दात विरतं, हे मला कळून चुकलंय. दुकानाचं नाव, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्या दोघांच्या सह्या असा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाला द्या, प्रत पोलीस ठाण्याला, आणि दोन्हीकडून शिक्क्यानिशी पोच घ्या. बिनपरवाना धाब्यावर विक्री असेल तर 112. मूलच पिऊ लागलं असेल तर चाइल्डलाइनच्या 1098 ला फोन करा, पोलिसांची भीती त्याला घालू नका.

आणि अर्ज शिमग्याच्या, गणपतीच्या पंधरा दिवस आधी द्या. सण उरकल्यावर पाहणीला आलेल्या साहेबाला गल्ल्यापाशी एकही पोर सापडत नाही.