'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. नागावात माझ्या वहिनीच्या घराचे पत्रे उडाले, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. महिनाअखेरीस तिने नवं छप्पर घातलं. पुढे खोल्या पुन्हा पाहुण्यांना द्यायची वेळ आली, तेव्हा एका परदेशी पाहुण्याने मेलवर विचारलं, वादळानंतर घर ठीक आहे ना? वहिनीने उत्तर धाडलं, 'वुई हॅड चेंज्ड द रूफ इन जून.' त्याने अर्थ लावला की छप्पर वादळाआधीच बदललेलं होतं आणि तेही गेलं. बुकिंग रद्द झालं.

वहिनीला गो-वेन्ट-गॉन, सी-सॉ-सीन तोंडपाठ होतं. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं २००० साली. त्याआधीच्या आम्हा लोकांना ते पाचवीपासून, आणि तेही असं पाढ्यासारखं. पण घोटाळा पाठांतराचा नाहीच, तो आपल्या 'होतं'चा आहे. 'काल अलिबागला गेलो होतो' असं आपण सहज म्हणतो. त्यातल्या 'होतो'मुळे गोष्ट होऊन गेली एवढंच कळतं. इंग्रजीतला 'हॅड' मात्र दोन घटनांतली आधीची कोणती ते सांगतो. दुसरी घटना तुम्ही सांगितली नाहीत, तर ऐकणारा ती स्वतःच शोधतो, आणि वहिनीच्या पाहुण्याला ती वादळात सापडली. तिथे साधं 'वुई चेंज्ड' हवं होतं.

'आहे'चंही तसंच. 'काल पैसे पाठवले आहेत' हे मराठीत बिनचूक, पण 'आय हॅव सेंट द मनी यस्टरडे' इंग्रजीत चुकतं. काल, गेल्या मे महिन्यात, २०२० साली, असा संपलेला काळ वाक्यात आला की 'हॅव' बाजूला ठेवा. 'हॅड'ही सहसा लागत नाही. 'आय सेंट' म्हणा आणि थांबा.

मांडवा जेट्टीवर पाहुणे खोळंबलेले असताना फोनवर 'आय केम' म्हणू नका. आपलं 'आलोच' म्हणजे अजून वाटेत आहे. त्यासाठी 'आय ॲम कमिंग'.

प्रश्नात आणि नकारात भूतकाळ 'डिड' एकटा वाहतो. कुलाबा किल्ला पाहून आलेल्यांना 'डिड यू सॉ' नव्हे, 'डिड यू सी' विचारायचं. माझ्या मते ही सवय सगळ्यांत आधी लावावी, कारण पाहुण्यांशी आपलं निम्मं बोलणं प्रश्नांतच होतं.

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा सोपी आहे. मासा खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'एट'. उच्चारात तेवढं जपा. 'वॉक'चं 'वॉक्ट' होतं, 'कॉल'चं 'कॉल्ड'. शेवटी 'इड' फक्त ट-डनंतर ऐकू येतो, जसा 'वॉन्टेड'मध्ये.

सराव तक्त्यावर करू नका, आपल्या गावाची हकीकत सांगून करा. अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या: 'द ऑब्झर्व्हेटरी मूव्ह्ड हिअर फ्रॉम कुलाबा, मुंबई, इन नाइन्टीन ओ फोर.' पाहुणा लगेच विचारेल, 'व्हाय डिड इट मूव्ह?' मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या, हे उत्तर तयार ठेवा. 'द ट्राम्स केम इन नाइन्टीन ओ सेव्हन' एवढं त्याला जोडलंत, की तारखांसकट तीन वाक्यं झाली आणि 'हॅड' एकदाही लागला नाही.