जपानी सुशी व आपलें सोयाबीन

सुशी म्हणजे कच्चा मासा, असा समज आपल्याकडे आढळतो. परंतु सुशीचें खरें अंग शिरका घातलेला भात होय. जपानांतील 'इनारी' सुशींत तर माशाचा तुकडाहि नसतो. टोफूची पातळ चकती तेलांत तळून सोयाबीनच्या आंबविलेल्या खारट रसांत साखरेसह शिजवितात व तिच्या पिशवींत भात भरतात. इनारी ही तेथील धान्यदेवता. तिचा दूत जो कोल्हा, त्यास तळलेला टोफू प्रिय, अशी लोकसमजूत आहे.

टोफू म्हणजे सोयाबीनचें पनीर. दाणे रात्रभर भिजवून वाटावे, उकळून गाळावे. कच्च्या दाण्यांतील पचनास बाधक द्रव्य उकळल्यानें निष्प्रभ होतें. म्हणून ही कृति वगळूं नये. त्या दुधांत जपानी लोक समुद्राच्या मिठापासून निघणारा 'निगारी' क्षार घालितात. आपण लिंबू पिळावें. फाटलेलें दूध फडक्यांत दाबलें कीं टोफू झाला.

सोयाबीनच्या दाण्यांत शेंकडा सुमारें ४० भाग प्रथिनें व २० भाग तेल असतें. १९३५ सालीं वर्ध्यास मगनवाडींत गांधीजींनीं स्वस्त, पौष्टिक अन्न म्हणून त्याचे प्रयोग केले. आज आमच्या जालना जिल्ह्यांत हें पीक शेतोशेतीं दिसतें. पण माल बाजारांत जातो, तेल गिरणींत निघतें, पेंड कोंबड्या खातात, आणि पिकविणाऱ्याच्या लेंकराच्या ताटांत कांहींच येत नाहीं!

पालकांस आमची विनंति इतकीच, कीं पोतें शिवण्यापूर्वीं चार पायल्या घरीं ठेवाव्या. ईश्वरानें शेतांत दिलेल्या दानाचा पहिला वांटा मुलांचा असावा.